फोटोची फाईल लहान केली म्हणून ॲप क्रॅश व्हायचं थांबत नाही

"इमेज कॉम्प्रेस करा, मेमरीचा प्रॉब्लेम जाईल" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. फाईल ३०० केबीची असो नाहीतर ५ एमबीची, स्क्रीनवर दाखवायला डीकोड झाली, म्हणजे उलगडून तिचे सगळे पिक्सेल तयार झाले, की मेमरी (रॅम) लागते ती पिक्सेलच्या हिशोबाने, एका पिक्सेलला साधारण ४ बाइट, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो सरळ ४८ एमबी खातो आणि लिस्टमध्ये असे दहा आले की ॲप गेलंच समजा. क्वालिटी कमी करून डाउनलोड आणि स्टोरेज वाचतं, तेही हवंच म्हणा. पण क्रॅश थांबवायचा तर डीकोड करतानाच साइज कमी करा, अँड्रॉइडवर इनसॅम्पलसाइझ (inSampleSize, फोटोची लांबी-रुंदी किती पटीने कमी करून डीकोड करायची ते सांगणारं सेटिंग) ४ दिलं की तोच फोटो १००० बाय ७५० होऊन ३ एमबीत बसतो. आधी पूर्ण डीकोड करून मग छोटा करू नका प्लीज, तेवढ्यातच मेमरी संपते.