अंग्रमैन्यूची माशी आणि डुंगरवाडीची गिधाडं

मेलेल्या शरीरावर सगळ्यात आधी कोण पोचतं? माशी. उघड्यावर पडलेल्या मृतदेहावर त्या निळ्या-हिरव्या चकाकणाऱ्या माशा काही मिनिटांत हजर होतात, अंडी घालतात, आणि त्या अंड्या-अळ्यांच्या वाढीवरून मृत्यू साधारण कधी झाला याचा अंदाज फॉरेन्सिकवाले आजही काढतात. आता पारशी लोकांचा वेंदिदाद हा ग्रंथ काय म्हणतो बघा: माणूस मेला की उत्तरेकडून नसू नावाची राक्षसीण माशीच्या रूपात येते आणि प्रेताचा ताबा घेते. ही नसू म्हणजे अंग्रमैन्यूच्या फौजेतली. अंग्रमैन्यू म्हणजे पारशांच्या जरथुष्ट्री धर्मातला दुष्ट आत्मा, नंतरच्या पहलवी ग्रंथांतला अहरिमन.

या अंग्रमैन्यूचं काम एकच, चांगल्या गोष्टीची नासाडी करायची. वेंदिदादच्या पहिल्याच प्रकरणात अहुरा मज्दा, म्हणजे चांगला निर्माता देव, एकेक करत सोळा चांगले प्रदेश निर्माण करतो आणि हा पाठोपाठ येऊन प्रत्येकात काहीतरी खोट घालतो. एका ठिकाणी दहा महिन्यांचा हिवाळा, बाल्खला धान्य पळवणाऱ्या मुंग्या, आणि यादीत सप्तसिंधू पण आहे बरं का, तिथे त्याने दिला अति उकाडा! पुढे एका प्रकरणात तर तो ९९,९९९ रोग निर्माण करतो. म्हणजे आजार, कुजणं, मरण यातलं काहीच देवाची करणी नाही, हे सगळं बाहेरून आलेलं आक्रमण. मला हा विचार भारी वाटतो, कारण एकदा असं मानलं की रोग म्हणजे पापाची शिक्षा किंवा नशीब राहत नाही, तो शत्रू होतो आणि शत्रूशी लढता येतं.

मग लढायचं कसं, तर प्रेत पाण्यात टाकायचं नाही, मातीत पुरायचं नाही, आगीत तर अजिबातच नाही, कारण ही तिन्ही पवित्र आणि नसूचा स्पर्श झाला की बाटणार. प्रेताला हात लावणारे ठरलेले लोक, त्यांनाही शुद्धीचे नियम. प्रेताला कुत्रा दाखवायचा, डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' असेल तर उत्तम, त्याच्या नजरेने नसू पळते म्हणे. याला सगदीद म्हणतात.

इथे लगेच कोणीतरी व्हॉट्सअपवर टाकेल की बघा, त्यांना जंतू माहीत होते. नाही हो! याच ग्रंथात बेडूक, मुंग्या, साप, कासव सगळे अंग्रमैन्यूचे प्राणी, त्यांना मारणं पुण्याचं काम. इराणी मगी पुरोहित मुंग्या आणि साप स्वतःच्या हाताने मारतात असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही लिहून ठेवलंय. कापलेली नखं आणि केस सुद्धा घातक, ते नीट पुरायचे. शरीरातून सुटलेलं, सडणारं, सरपटणारं जे जे किळसवाणं वाटलं ते एका खात्यात टाकलं, त्यात माशी बरोबर निघाली आणि बेडूक बिचारा फुकट मेला, जो खरं तर माशाच खातो.

एक गोष्ट मात्र जमून गेली, ती म्हणजे गिधाडं. गिधाडाच्या पोटातलं ॲसिड इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच खलास. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत सतराव्या शतकापासून दख्मे आहेत, म्हणजे प्रेत गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायचे गोल मनोरे, आणि गिधाडांचा थवा काही तासांत काम उरकायचा.

ते बिघडलं १९९० च्या दशकात. भारतातली गिधाडं अक्षरशः हजारो-लाखोंनी मेली, पांढऱ्या पाठीची तर ९९ टक्क्यांहून जास्त. कारण २००४ साली कळलं: गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. ते मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंड निकामी होतं, युरिक ॲसिड रक्तात साचून अवयवांवर पांढरे थर बसतात आणि पक्षी थोड्या दिवसांत मरतो. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांच्यावरही बंधन आलं. एक पक्षी जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेली संख्या अशी पटकन भरून येत नाही.

डुंगरवाडीत मग सोलर कॉन्सन्ट्रेटर बसवले, आरशांनी ऊन एकवटून देह सुकवायचा. पावसाळ्यात ढग आले की तेही ठप्प. २०१५ मध्ये वरळीला दहनाचा पर्याय घेणाऱ्या पारशांसाठी प्रार्थना हॉल सुरू झाला, पण परंपरावाद्यांना ते मान्य नाही, अग्नीला प्रेत द्यायचं म्हणजे अंग्रमैन्यूचंच काम केल्यासारखं असं त्यांचं म्हणणं. कोविडमध्ये तर त्या आजाराने गेलेल्यांचे देह दख्म्यात ठेवायलाच बंदी होती, तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये ठरावीक काळजी घेऊन पारशी पद्धतीच्या अंत्यविधीला वाट मिळाली, देहावर पक्षी बसू नयेत म्हणून वर जाळी लावायच्या अटीसकट.