‘वाचलेले १० टक्के, केलेले ९० टक्के’ हे डेल यांचे म्हणणे नव्हे

गोव्यात ताळगाव पठारावरच्या विद्यापीठापासून काणकोणपर्यंत, प्राध्यापक शिकवण्याबद्दल बोलू लागले की एक दाखला हमखास निघतो: वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० आणि स्वतः केलेले ९०. श्रेय दिले जाते अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांना.

डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ ही आकृती मांडली, हे खरे. त्यात एकही टक्केवारी नव्हती. शब्दांपासून प्रत्यक्ष अनुभवापर्यंत कोणते साधन किती मूर्त, एवढेच त्यांना दाखवायचे होते. आकडे नंतर इतरांनी चिकटवले.

याने नुकसान होते. नव्या सहकाऱ्याला आपण ‘व्याख्यान सोडा, अॅक्टिव्हिटी घ्या’ सांगून मोकळे होतो. पण मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवला. एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचले दोन्ही गटांनी होते; फरक पडला तो आठवून लिहिण्याने!

म्हणून सल्ला द्यायचाच तर हा द्या: शेवटची पाच मिनिटे वह्या मिटायला लावा आणि कोऱ्या कागदावर विचारा, १९६७चा जनमत कौल कशासाठी होता? कागद तपासून गुण देऊ नका. काय निसटले ते मुलांनी स्वतःच वही उघडून शोधावे.