चाकाला डायनॅमो लावला तर?

‘चाकं फिरतातच, मग डायनॅमो लावून ई-स्कूटर चालता चालता चार्ज का करत नाहीत?’ पुण्यात चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर जुन्या सायकलीत आहे. डायनॅमो टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पेडल लगेच जड व्हायचं. उजेड आपल्याच पायांतून यायचा! इथे पायांच्या जागी बॅटरी. तिच्याकडून घेतलेलं पूर्ण परत येत नाही, वर घर्षण आणि वाऱ्याचा खर्च वेगळाच.

हां, गाडीत तशी सोय असेल तर सिंहगड उतरताना मोटरच जनरेटर होते आणि बॅटरीत थोडी वीज परत भरते. पण स्वारासकट २०० किलोची गाडी ७०० मीटर खाली आली, तरी फार तर ०.३८ युनिट. तेही चढताना खर्चलेल्यातलंच.