घरगुती प्रजननासाठी मादी साप निवडणं (बडोदा)

घरी साप पाळून त्यांची पिल्लं काढायची असं ठरवलं की सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असतो मादी कुठली घ्यायची हा. एक तब्येतीचा नर तीन-चार माद्यांना सहज पुरतो, पण अंडी पोटात तयार करायची, वागवायची, घालायची आणि त्या काळात महिनोन्महिने उपाशी राहायचं हे सगळं मादीच्या अंगावर पडतं. इथे जे लिहिलंय ते मुख्यतः बॉल पायथनबद्दल आहे, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला तो छोटा, घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करून डोकं आत लपवणारा अजगर, आणि मध्ये मध्ये अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकबद्दल.

आधी कायद्याचं, कारण बडोद्यात हा प्रश्न दर श्रावणात येतो. आपल्या मराठी घरांत नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला, शेजारच्या गुजराती घरांत श्रावण वद पाचमला, म्हणजे पंधरा दिवसांत दोनदा सापांचा विषय निघतो आणि दोन्ही वेळेला कोणीतरी विचारतंच की धामण घरी ठेवता येईल का. नाही येत. नाग, धामण, आपला भारतीय अजगर, हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, परवानगीशिवाय पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे, घरात निघाला तर वनखात्याला किंवा रेस्क्यूवाल्यांना फोन करायचा एवढंच. बॉल पायथन परदेशी असला तरी साइटिसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. मादी विकत घेतानाच तिचे कागद मागा. कागद नसलेली मादी कितीही सुंदर असली तरी तिथेच सोडून या.

आता वजन आणि वय. बॉल पायथनची मादी साधारण तीन वर्षांची आणि किमान 1500 ग्रॅमची झाल्याशिवाय नराजवळ सोडायची नाही, बरेच जण 1700-1800 पर्यंत थांबतात आणि मला तेच बरोबर वाटतं. नर 600-700 ग्रॅमलाच तयार होतो, म्हणून लोकांना घाई होते. कॉर्न स्नेकवाल्यांचा सोपा हिशोब आहे, तीन वर्षं, तीन फूट, 300 ग्रॅम. लहान मादीच्या पोटात अंडी धरली तर ती अडकण्याचा धोका वाढतो, आणि अडकलेली अंडी म्हणजे डॉक्टर, इंजेक्शन, कधी ऑपरेशन, आणि सापांचं ऑपरेशन करणारा डॉक्टर आपल्या जवळपास आहे का हे अंडी अडकल्यावर शोधायला निघाला तर उशीर झालेला असतो.

पण नुसता काटा बघून चालत नाही. मादी हातात घ्या आणि पाठीवरून बोट फिरवा. कण्याची धार छपराच्या आढ्यासारखी वर आलेली लागली तर ती हडकुळी आहे, अंग गोलसर भरलेलं लागलं आणि कणा बोटाला हलकेच जाणवला तर ठीक, आणि वेटोळं घालताना कातडीला चरबीच्या घड्या पडून खवल्यांमधली त्वचा दिसायला लागली तर ती खाऊन खाऊन फुगवलेली आहे, विकण्याआधी वजन दाखवायला असं करणारे असतात. घरी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर उशीच्या अभ्र्यात घालून वजन करतो, अभ्र्याचं वजन वजा करायचं, तारीख घालून वहीत लिहायचं. माझी पहिली मादी मी रंग बघून घेतली, 1600 ग्रॅम सांगितली होती, घरी भरली 1180, आणि वर ती तीन महिने काहीच खाल्लेली नव्हती हे नंतर कळलं. त्या वर्षी तिला फक्त खायला घालून सावरलं, नर जवळही आणला नाही.

म्हणून खाण्याची वही मागायची. शेवटचे दहा-बारा घास कधी, केवढा उंदीर, नाकारला तर किती वेळा. बॉल पायथन थंडीत उपास करतातच, ते नॉर्मल, पण वर्षभर चंचल खाणारी मादी अंडी घातल्यावर सावरत नाही. नवी मादी आणली की दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, तोंडात फेस किंवा श्वासाला शिटीसारखा आवाज येतोय का बघत राहायचं, आणि पाण्याच्या भांड्यात मिरीच्या दाण्याहून बारीक काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, असतात.

ती खरंच मादी आहे ना, हेही तपासून घ्या. शेपटीच्या बुंध्यात बारीक सळई सरकवून तपासतात, मादीत ती दोन-चार खवल्यांपर्यंतच जाते, नरात बरीच खोल. हे शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं, जोर लावला तर इजा होते. नर लागतच नाही असा साप आपल्याच कुंड्यांमध्ये आहे, पावसाळ्यात तुळशीच्या मातीत निघणारा तो गांडुळासारखा वाळा, त्याच्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं होतात.

रंगाकडे शेवटी या. पायबाल्ड, अल्बिनो, क्लाऊन हे अप्रभावी जनुकाचे, दोन्ही आईबापांकडून आले तरच दिसतात, म्हणून "हेट", म्हणजे एकाच बाजूने ते जनुक आलेली, म्हणून विकलेली साधी दिसणारी मादी फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर असते, वंशावळीचा कागद नसेल तर तिला साधी समजूनच किंमत द्या. काही रंग टाळलेलेच बरे. स्पायडरमध्ये डोकं डुलण्याचा मज्जासंस्थेचा त्रास येतो, आणि डेझर्टचा नर चालतो पण त्याच रंगाच्या मादीला धड अंडी होत नाहीत, वर तिच्याच जिवाला धोका. मादी निवडताना हे माहीत नसेल तर तीन वर्षं वाढवून हाती काही लागत नाही.

बडोद्याची हवा इथे वेगळाच प्रश्न उभा करते. नर-मादी थंडीत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकत्र सोडतात, म्हणजे अंडी येतात मार्च ते जूनमध्ये, नेमकी उन्हाळ्यात. अंड्यांना 31-32 अंश लागतात आणि 55-60 दिवस, आणि बाहेर पारा 42 वर गेला की गच्चीखालची खोली स्वतःच 36-37 होते, साधा इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची पेटी, फक्त गरम करू शकतो, थंड नाही. म्हणून तो तळमजल्यावर किंवा एसीच्या खोलीत ठेवायचं आणि लाइट गेली तर काय हे आधीच ठरवायचं. पोटात अंडी असलेल्या मादीलाही तिच्या राहायच्या टबमध्ये एक थंड बाजू लागतेच.

मादी अंड्यांवर वेटोळं घालून बसते, तिच्याखालून ती हळूच काढावी लागतात. मग तिला कोमट पाण्यात हलकेच धुवायचं, टबमधलं सगळं बदलायचं, कारण अंड्यांचा वास राहिला तर ती तशीच राखण करत बसते आणि खात नाही. पहिला घास नेहमीपेक्षा लहान. मग पुन्हा काटा आणि वही, आणि वजन आधीच्या आकड्यावर परत आलं नाही तर पुढच्या थंडीत तिला नराकडे न्यायचं नाही.