डेटा-स्थानांतर पॅकेज : संपादन व जतन

एका ठिकाणची माहिती उचलून, तिचे रूपांतर करून ती दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरणाऱ्या कामांची जतन केलेली मांडणी. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या ७.० आवृत्तीत (१९९८) ही सोय ‘डीटीएस’ (डेटा ट्रान्सफॉर्मेशन सर्व्हिसेस) नावाने आली. २००५ च्या आवृत्तीत तिची जागा ‘एसएसआयएस’ने (एसक्यूएल सर्व्हर इंटिग्रेशन सर्व्हिसेस) घेतली.

खानदेशात कापसाच्या हंगामात असे पॅकेज कुठे उपयोगी पडते, हे जिनिंगच्या कामावरून सहज दिसते. पारोळा किंवा चोपड्याकडच्या वजनकाट्यावरच्या पावत्या रोज रात्री जळगावच्या कार्यालयातील डेटाबेसमध्ये न्यायच्या असतात. काट्यावर नोंद क्विंटलची, रुईच्या गाठी १७० किलोच्या, सौदा मात्र सुमारे ३५६ किलोच्या खंडीत. ही रूपांतरे आणि रुईच्या उताऱ्याचे (कापसातून किती रुई निघाली याचे) गणित पॅकेजमध्येच लिहिलेले असते. त्यात केलेला बदल हरवला तरी पॅकेज बिनबोभाट चालते, फक्त आकडे जुन्या सूत्राने पडतात. म्हणूनच हे नुकसान बंद पडलेल्या पॅकेजपेक्षा जास्त घातक आहे.

डीटीएसमध्ये सर्व्हरवर जतन केलेले पॅकेज ‘एमएसडीबी’ या डेटाबेसमध्ये राही. प्रत्येक जतनाबरोबर नवी आवृत्ती तयार होई, जुनीही उघडता येई. मात्र रात्रीच्या कामाच्या आदेशात विशिष्ट आवृत्तीचा ओळखक्रमांक दिलेला असेल, तर नवी जतन होऊनही जुनीच चाले. डिझायनरऐवजी (कामे आकृतीत मांडण्याच्या साधनाऐवजी) प्रोग्रामद्वारे पॅकेज जतन केल्यास आकृतीची मांडणी व तिच्यावरील टिपा नाहीशा होत. कामे मात्र शाबूत राहत.

एसएसआयएसमध्ये घोटाळ्याचे मूळ वेगळे आहे. येथे संपादन होते ते विकसकाच्या संगणकावरील ‘डीटीएसएक्स’ फाइलचे, म्हणजे ज्या फाइलमध्ये पॅकेज लिहिलेले असते तिचे. ‘सेव्ह’ केल्याने तीच फाइल बदलते; सर्व्हरवरची प्रत, जी रात्री प्रत्यक्ष चालते, तशीच राहते. ती बदलण्यासाठी पॅकेज पुन्हा सर्व्हरवर चढवावे लागते. उलट, कोणी सर्व्हरवरील प्रत उतरवून घेऊन दुरुस्त केली आणि ती मूळ प्रकल्पात (विकसकाकडील पॅकेजांच्या संचात) ठेवली नाही, तर पुढच्या वेळी प्रकल्प चढवताना ती दुरुस्ती पुसली जाते. एमएसडीबीत त्याच नावाचे पॅकेज आणले की आधीचे जाते, डीटीएससारख्या आवृत्त्या उरत नाहीत. २०१२ पासूनच्या ‘एसएसआयएसडीबी’ कॅटलॉगमध्ये (प्रकल्प ठेवण्याच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये) संपूर्ण प्रकल्पाच्या मागील आवृत्त्या राहतात (मूळ मर्यादा १०) आणि त्या परत आणता येतात. ही फार मोलाची सुधारणा.

जोडणीचे पासवर्ड हा आणखी एक धोका. मूळ सेटिंगमध्ये ते पॅकेज जतन करणाऱ्या वापरकर्त्याच्या किल्लीने कूटबद्ध होतात. जळगावच्या कार्यालयात तयार केलेले पॅकेज धुळ्यात दुसऱ्या व्यक्तीने उघडले की पासवर्ड वाचता येत नाही, आणि त्या अवस्थेतच जतन केले तर तो जातोच. एकाहून अधिक माणसे काम करत असतील तेथे पॅकेजला सामायिक पासवर्ड द्यावा किंवा जोडणीची माहिती पॅकेजबाहेर ठेवावी.

दोघांनी एकाच वेळी एकच डीटीएसएक्स फाइल बदलल्यास ती नंतर जुळवणे अवघड असते, कारण कामांची व्याख्या आणि आकृतीची मांडणी एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असते. हंगामाच्या घाईत तर असे पॅकेज एका वेळी एकाच्याच हाती असावे. फाइल आवृत्ती-नियंत्रणात (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवली, तर कोणता बदल कधी झाला हे शोधता येते. दर जतनाबरोबर आपोआप वाढणारा बांधणी-क्रमांक सर्व्हरवरील प्रतीशी ताडला, की दोन्ही प्रती एकच आहेत की नाहीत याचा पहिला अंदाज मिळतो.