घरचं बियाणं पेरायला बंदी नाही

शेतकरी बंधू-भगिनींनो,

"कंपनीचं सोयाबीन राखून पुढच्या वर्षी पेरलं तर केस होते का?" आमच्या बियाण्याच्या दुकानात काउंटरवर हा प्रश्न वारंवार येतो. त्यासाठीच हे पत्रक.

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं नवा वाण काढणाऱ्याला त्या वाणावर हक्क दिला आहे; शेतपिकांना १५ वर्षं, झाडं-वेलींना १८. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे संरक्षित वाणाचं बीसुद्धा शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याशी अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं लेबल लावून, पिशवीत भरून विकायचं नाही.

२०१९ मध्ये चिप्स बनवणाऱ्या पेप्सिको कंपनीनं गुजरातच्या काही बटाटा उत्पादकांवर 'एफएल २०२७' या आपल्या संरक्षित बटाटा वाणावरून दावे लावले, काहींवर तर एकेक कोटीचे. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात ते मागे घेतले गेले. वाणाच्या नोंदणीचा वाद पुढेही कोर्टात चालला, शेतकऱ्याचं कलम ३९ मात्र आहे तिथेच आहे.

वाणाला संरक्षण मिळालं की कंपन्या संशोधनात पैसा घालतात, नवे वाण येतात, हे चांगलंच. पण तो खर्च बॅगेच्या किमतीतून वसूल होतो. म्हणून आम्ही बियाणं विकत असलो तरी सांगतो: सोयाबीनची नवी बॅग दरवर्षी घ्यायची गरज नाही. मोजून १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवडाभरात ७० किंवा जास्त चांगले उगवले, तर एकरी ३० किलो पेरा. पोती उंचावरून टाकू नका. सोयाबीनची साल पातळ, आतला अंकुर लगेच दुखावतो.

कापूस, मका अशा संकरित वाणांचं बी मात्र राखू नका, पुढच्या पिढीत पीक एकसारखं येत नाही. आणि मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाच्या पाकिटांना कलम ३९ ढाल ठरत नाही.

विकत घेतलेली बॅग टॅगच्या बाजूनं फाडू नका, दुसऱ्या टोकाची शिवण उसवा. टॅग, रिकामी पिशवी, पक्कं बिल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. संरक्षित वाणानं सांगितल्याप्रमाणे पीक दिलं नाही, तर याच कलम ३९ नं भरपाई मागता येते, आणि तिथे हाच पुरावा लागतो.

घरच्या बियाण्याचे दाणे मे महिन्यात दुकानात आणून द्या. उगवण चाचणी आम्ही फुकट करून देतो.