व्होल्ट, ॲम्पिअर, ओहम : तिघांपैकी स्वतंत्र कोणते दोन?

विजेचा दाब (एकक व्होल्ट) भागिले धारा (ॲम्पिअर) म्हणजे रोध (ओहम), दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती (वॅट). या सूत्रांत आज वाद घालण्यासारखे काही नाही. वाद होता तो एककांचा, आणि तो बराच लांबला.

रोधाचा नियम, म्हणजे ओहमचा नियम, १८२७ च्या एका जर्मन पुस्तकातला. त्या काळच्या रासायनिक घटांचा दाब टिकत नसे, म्हणून त्यामागच्या प्रयोगांत तांबे आणि बिस्मथ यांचा औष्णिक, म्हणजे तापमानातल्या फरकावर चालणारा, घट वापरावा लागला होता. धारेच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले गेले. पुढे समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींमुळे रोध नेमका मोजण्याची निकड निर्माण झाली. पॅरिसच्या १८८१ च्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ओहम, व्होल्ट आणि ॲम्पिअर यांना मान्यता दिली. वॅट १८८९ मध्ये आला.

खरा गोंधळ १८९३ चा, शिकागोच्या परिषदेचा. तिथे तिन्ही एककांना वेगवेगळी व्याख्या मिळाली. ओहम म्हणजे वितळत्या बर्फाच्या तापमानाला १०६.३ सेंटिमीटर लांब, १४.४५२१ ग्रॅम वजनाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध. ॲम्पिअर म्हणजे द्रावणातून सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी साठवणारी धारा. आणि व्होल्ट ठरवायला जस्त-पाऱ्याचा प्रमाणित घट: १५ अंशांना १.४३४ व्होल्ट. आता दोन एकके पक्की केली की तिसरे सूत्रातूनच ठरते. तरीही तिसऱ्यालाही खुंटा मारला गेला, हे मात्र नवलच.

झाले ते अपेक्षितच. पारा आणि चांदी यांवरून हिशेब केला की तोच घट १.४३३ च्या आसपास भरे. फरक हजारात एकाहूनही कमी, पण शक्ती काढताना तो दुप्पट होतो. समजा, १.४३३ चा घट १.४३४ चा धरून व्होल्टमीटर जुळवला आणि भार खरोखर १००० वॅटचा आहे. धारेचा वर्ग गुणिले रोध केले तर १०००. दाब गुणिले धारा केले तर १०००.७, दाबाचा वर्ग भागिले रोध केले तर १००१.४. एकच तार, तीन उत्तरे! त्यात अमेरिकेने १८९४ च्या कायद्यात तिन्ही व्याख्या ठेवल्या, तर जर्मनीने १८९८ मध्ये व्होल्ट इतर दोघांवरून काढायचे ठरवले. जर्मनांचे बरोबर होते. १९०८ च्या लंडन परिषदेनेही तेच मान्य केले. कागदावर तरी. चांदीचा प्रयोग वेळखाऊ आणि नाजूक, त्यामुळे प्रयोगशाळांचे रोजचे काम कॅडमियमच्या घटावर आणि रोधाच्या वेटोळ्यांवरच चाले. धारा भागाकाराने काढली जाई.

१९४८ मध्ये पारा आणि चांदी दोन्ही बाद झाली. पाऱ्यावरून ठरलेला जुना आंतरराष्ट्रीय ओहम मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद यांवर आधारलेल्या नव्या हिशेबाने १.०००४९ ओहम ठरला. १ जानेवारी १९९० पासून व्होल्टसाठी अतिवाहक जोड (रोधच नसलेल्या दोन वाहकांमधला पातळ सांधा) आणि ओहमसाठी क्वांटम हॉल परिणाम (अतिथंड अवस्थेत, तीव्र चुंबकीय क्षेत्रात रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलणे) जगभर एकाच ठरावीक आकड्यांनी वापरले जाऊ लागले. मात्र हे आकडे अधिकृत व्याख्यांच्या बाहेर, शेजारी ठेवलेले होते. ती फट २० मे २०१९ रोजी बुजली: इलेक्ट्रॉनचा विद्युत्प्रभार आणि प्लँकचा स्थिरांक (क्वांटम भौतिकीतला मूलभूत आकडा) अचूक ठरवले गेले आणि त्या दोघांवरून ओहम व व्होल्ट दोन्ही निघू लागले. व्होल्ट त्यामुळे कोटीत सुमारे एका भागाने सरकला. घरातल्या मीटरला त्याचा पत्ताही लागला नाही. ॲम्पिअरची व्याख्या आता इलेक्ट्रॉनच्या विद्युत्प्रभारावरून आहे, तरी प्रयोगशाळेत तो बहुधा व्होल्टला ओहमने भागूनच काढतात.